तिकीट जात विचारत नाही, शेजारची खुर्ची विचारते

मागच्या डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जाऊन आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी विहारात बैठक होती. चहाच्या वेळी एक जुने कार्यकर्ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काय सर, बामनांच्या गाण्याला जाऊन आलात म्हणे?" हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यातून जाईना. विचारणारा माणूस खोटा नाही. त्याने आयुष्य चळवळीत घातले आहे. म्हणून त्याला हशाने नव्हे, नीट उत्तर द्यायला हवे.

प्रश्न खरे तर दोन आहेत. हे गाणे नक्की कुणाचे? आणि ते ऐकायला जाणारा आपला माणूस स्वतःच्या समाजापासून तुटतो का?

आधी आमचे सांगतो. आमचे बालपण पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत गेले. आजोबा गायन पार्टीत कोरसला होते. घरात वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी वाजत. गाणे म्हणजे १४ एप्रिल, गाणे म्हणजे रात्र जागवणारा सवाल-जवाब. रेडिओवर शास्त्रीय गायन लागले की आई म्हणायची, "बंद कर रे ते रडगाणं." आम्ही बंद करायचो. ते आपल्यासाठी नाही, हे कुणी शिकवावे लागले नाही.

समाजशास्त्रात एम.ए. करत होतो तेव्हा वर्गातल्या एका मैत्रिणीकडे सवाईचे जादा तिकीट होते. तेव्हा महोत्सव रमणबागेच्या मैदानावर भरायचा. भारतीय बैठकीत, सतरंजीवर, थंडीत मफलर गुंडाळून आम्ही बसलो. पहिले दोन तास काही कळले नाही. आजूबाजूचे लोक मान डोलावत होते, तशी आम्हीही डोलावली. मग एका गायिकेने विलंबित ख्याल सुरू केला. बारा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हायला जवळजवळ मिनिट लागत होते. ती घाई करत नव्हती. एका सुरावर थांबायची, त्याच्या शेजारचा सूर दाखवायची, परत यायची. आमच्या आयुष्यात सगळे घाईचे होते. नळाला पाणी, बस, फी, स्कॉलरशिपचा फॉर्म. कुणीतरी एका सुराला एवढा वेळ देते, हेच पहिल्यांदा पाहिले. समेवर सगळा मांडव एकदम "वा" म्हणाला आणि त्यात आमचाही आवाज होता. या वेळी नक्कल नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही जातो. गेली काही वर्षे सवाई मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरते, तिथे जातो. हिराबागेजवळच्या ज्योत्स्ना भोळे सभागृहातल्या लहान मैफलींना जातो. कॅम्पात दस्तूर शाळेच्या आवारातल्या माझदा हॉलमध्ये पूना म्युझिक सोसायटीचे पाश्चात्त्य संगीताचे कार्यक्रम होतात, तिथेही जातो. तिथे 'चेंबर म्युझिक' म्हणजे काय ते कळले. चेंबर म्हणजे खोली. खोलीत मावेल एवढेच संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही. चौघे एकमेकांच्या डोळ्यांकडे आणि श्वासाकडे बघून सुरू करतात. एकाचे म्हणणे दुसरा उचलतो, तिसरा वाद घालतो, चौथा खालून आधार देतो. पहिल्या वेळी आम्ही चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या, कारण एक भाग संपला म्हणजे रचना संपली असे वाटले. पुढच्या वेळी हात मांडीवर ठेवून शिकलो.

आता पहिला प्रश्न. हे गाणे कुणाचे?

सवाईचाच इतिहास घ्या. हा महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला. गुरू म्हणजे सवाई गंधर्व, रामभाऊ कुंदगोळकर. त्यांचे गुरू कोण? किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांनी १९१३ मध्ये याच पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची लेक म्हणजे हिराबाई बडोदेकर. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. भीमसेनजींच्या गुरुभगिनी गंगूबाई हनगल. त्या देवदासी परंपरेतल्या घरातून आल्या. लहानपणी आंबे तोडायला शेजारच्या ब्राह्मणाच्या बागेत शिरल्या, तेव्हा चोरीपेक्षा गाणारणीची पोर बागेत आली याचाच त्या लोकांना धक्का बसला. पुढे तेच लोक त्यांना सन्मानाने घरी बोलावू लागले, हे गंगूबाईंनी स्वतः सांगून ठेवले आहे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. त्यांचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ. त्यांना कोल्हापूर दरबारात आश्रय कुणी दिला? आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी.

म्हणजे ज्याला आमचे मित्र 'बामनांचे गाणे' म्हणतात, ते मुसलमान उस्तादांनी घडवले आणि समाजाने गावकुसाच्या आत घेऊनही घराबाहेर ठेवलेल्या स्त्रियांनी जिवंत ठेवले. वाद्येही पाहा. मिरजेचे तंबोरे शिकलगार कुटुंबे करतात. हत्यारांचे काम करणारे ते हात तंतुवाद्यांकडे वळले. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले. गाईचे कातडे कमावणारा अस्पृश्य, आणि त्याच कातड्यावर वाजणारा ताल पवित्र. ही जातिव्यवस्थेची चलाखी आहे. श्रम आमचे, घाम आमचा, आणि मालकीचा फलक दुसऱ्याचा.

युरोपातही दार सहज उघडले नाही. चौकडीच्या रचनांना मोठे करणारा हायडन १७६१ पासून एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या नोकरीत होता आणि नोकराचा गणवेश घालत असे. मोत्सार्टला १७८१ मध्ये आर्चबिशपच्या पदरी असताना आचारी आणि हुजऱ्यांच्या पंगतीला बसावे लागे. सरदाराच्या खोलीतले ते संगीत आज कॅम्पातल्या एका हॉलमध्ये आमच्यासारखा वस्तीतला माणूस ऐकतो. मध्ये काय घडले? तिकीट आले. तिकीट ही आम्हाला मोठी लोकशाही गोष्ट वाटते. दिवाणखान्यात आमंत्रण लागते आणि आमंत्रण जात बघून जाते. तिकिटाला पैसे लागतात, ती अडचण आहेच, पण तिकीट जात विचारत नाही.

जात विचारते ती शेजारची खुर्ची. एका मैफलीच्या मध्यंतरात शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी प्रेमाने बटाटेवडा पुढे केला आणि विचारले, "आपण कोण?" आम्ही नाव सांगितले. "नाही, आडनाव?" तेही सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, "अरे वा! तुमच्यातही आवड आहे म्हणायची." वाईट बोलायचा त्यांचा हेतू नव्हता. पण त्या 'तुमच्यात' या एका शब्दाने उरलेली मैफल बेसूर झाली. मुकुंदनगरहून पर्वती काही लांब नाही. १९२९ साली त्या टेकडीवरच्या मंदिरात प्रवेशासाठी आपल्या माणसांनी सत्याग्रह केला आणि दगड खाल्ले. आज दगड नाहीत. बटाटेवडा आहे आणि 'तुमच्यात' आहे.

तरीही पुढच्या महिन्यात आम्ही त्याच सभागृहात गेलो. का, ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मित्र म्हणतील, हे तुमचे संस्कृतीकरण झाले. शब्द एम. एन. श्रीनिवास यांचा आहे, परीक्षेत आम्हीही लिहिला आहे. वरच्या जातीचे आचार उचलून वर चढू पाहणे म्हणजे संस्कृतीकरण. पण आम्ही गाणे ऐकून भीमगीत सोडले नाही, आडनाव लपवले नाही, विहार सोडला नाही. बूर्दिय या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने अभिरुची हे सांस्कृतिक भांडवल असते असे दाखवले. भांडवल असेल तर ते एका गटाच्या तिजोरीत राहू देणे हे कुठले शहाणपण? बाबासाहेबांनी कायदा, अर्थशास्त्र, ग्रंथ यांतले काहीच 'त्यांचे' म्हणून सोडले नाही. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, हे आपल्याला माहीत आहे. परिनिर्वाणाच्या आदल्या रात्री त्यांनी रेडिओग्रामवर बुद्धवंदनेची रेकॉर्ड लावायला सांगितली होती. त्यांनी केले म्हणून आपण करावे, असे आम्ही म्हणत नाही. अत्त दीप भव म्हणणाऱ्यांनी असे म्हणूही नये. एवढेच म्हणतो की, सुंदर गोष्टीचा आनंद घेणे ही माणसाची गरज आहे आणि ती मागताना लाज वाटायचे कारण नाही.

मागच्या वर्षी आमच्या अभ्यासिकेतली आठ मुले एका सकाळच्या मैफलीला नेली. दोन मुले झोपली, खोटे कशाला सांगू. पण सातवीतली एक मुलगी मैफल संपल्यावर थेट तबलजींकडे गेली. त्यांनी तिला पुडी, शाई, वादी, गठ्ठे सगळे दाखवले, हातोडीने सूर कसा चढवतात तेही दाखवले. ती म्हणाली, "आमचे आजोबा हलगी जाळावर शेकतात, तसंच ना?" तबलजी म्हणाले, "अगदी तसंच, बाळा." परतताना बसमध्ये तिने आम्हाला विचारले, "सर, मग हलगी इथं का वाजवत नाहीत?"

आमच्याकडे याचे उत्तर नाही. ते आयोजकांनी द्यायचे आहे. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. महोत्सवाच्या मंचावर हलगी, संबळ आणि शाहिरी यांना मानाची वेळ मिळावी, उद्घाटनाची शोभा म्हणून नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत कलाकाराच्या नावाखाली वाद्य बनवणाऱ्याचे नाव छापावे. वस्तीतल्या विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखाव्यात. आणि मैफली समाजमंदिरात याव्यात. चेन्नईत ऊरूर ओल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात टी. एम. कृष्णा आणि तिथल्या रहिवाशांनी असा महोत्सव करून दाखवला आहे. पुण्यात का होऊ नये?

आणि आपल्या माणसांना एक विनंती. या डिसेंबरात भारतीय बैठकीचे एक तिकीट काढा. नाही आवडले तर उठून या, कुणाचे देणे लागत नाही. आवडले तर सतरंजीवर ऐसपैस बसा. कुणी आडनाव विचारले तर मोठ्याने सांगा आणि पुढचा राग ऐका. ते जुने कार्यकर्ते मित्र यंदा आमच्याबरोबर यायला तयार झाले आहेत. त्यांची एक अट आहे, चहा आम्ही पाजायचा. आम्हाला मंजूर आहे.

जय भीम.