चित्रे वाचणारा मुलगा

आमच्या नातवाचे आणि अक्षरांचे पहिल्यापासून वाकडे. वाचायला बसवले की स्वारीला तहान लागते. अशा मुलाच्या हाती मी ब्रायन सेल्झनिकचे ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ हे पाचशेहून अधिक पानांचे पुस्तक ठेवले, तेव्हा घरातली मंडळी हसली. पण त्यातली निम्म्याहून अधिक पाने पेन्सिलीने काढलेल्या चित्रांची! पॅरिसच्या स्टेशनात घड्याळांमागे लपून राहणारा पोरका ह्यूगो पुढे पळतो आणि आपण पान उलटीत त्याच्यामागे. नातू मोठ्याने चित्रे ‘वाचू’ लागला. मी ऐकत बसलो.

मग आम्ही मार्टिन स्कॉर्सेसीचा २०११ सालचा ‘ह्यूगो’ घरी पाहिला. चित्रपट देखणा आहे, नाही कोण म्हणतो? पाच ऑस्कर काही उगाच मिळाली नाहीत. एकेकाळी पडद्यावर चंद्राची सफर घडवणारे जॉर्ज मेलिएस म्हातारपणी स्टेशनात खेळणी विकताना दिसले, तेव्हा माझेच डोळे पाणावले. पण तो इन्स्पेक्टर! पुस्तकात त्याची धास्ती वाटते. इथे हशासाठी त्याला इतका ताणला आहे की कीव यावी. शिवाय अखंड संगीत. पुस्तकातल्या त्या मुक्या पानांची शांतता कुठे सापडेना.

नातू मात्र सबंध वेळ गप्प. शेवटी मी विचारले, “काय रे, आवडला ना?”

“आवडला. पण आजोबा, यात मी कुठे बोलायचं?”

रात्री तो पुस्तक घेऊन माझ्या अंथरुणाशी आला.