रिकामी बाटली पुन्हा भरायची असते

बिअरच्या बाटलीचं वय तिच्या अंगावर दिसतं. जर्मनीत अर्ध्या लिटरची तपकिरी बाटली हातात घेतली की खांद्यापाशी आणि बुडापाशी पांढुरके, खरखरीत पट्टे बोटाला लागतात. कारखान्यात, क्रेटमध्ये, ट्रकमध्ये बाटलीला बाटली घासत राहते आणि दर फेरीला काच किंचित झिजते. पट्टा पुसटसा असेल तर बाटली नवी. रुंद आणि पांढराफेक असेल तर ती बऱ्याच घरांचा पाहुणचार घेऊन आलेली. काचेची अशी बाटली पन्नास वेळांपर्यंत पुन्हा भरता येते. तिथले जाणते बिअरशौकीन तो पट्टा पाहून नाक मुरडत नाहीत, पाहुण्याला कौतुकाने दाखवतात.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं न्युर्नबर्गला राहिलो. हा फ्रांकेनचा मुलूख, म्हणजे उत्तर बव्हेरिया. जवळच बांबेर्ग, आणि भोवतालच्या खेड्यापाड्यांत लहान लहान ब्रुअरींची दाटी. बिअर कोणती प्यावी, किती थंड असावी, कुठल्या पेल्यात ओतावी यावर तासन्‌तास बोलणारी माणसं जगात सगळीकडे भेटतील. फ्रांकेनमधली माणसं बाटली रिकामी झाल्यानंतरच्या गोष्टींवरही तितक्याच आस्थेने बोलतात. मला ते मनापासून आवडलं.

व्यवहार सरळ आहे. बिअरच्या साध्या बाटलीमागे 8 सेंट अनामत. तारेच्या कडीचं चिनीमातीचं बूच असेल तर 15 सेंट. क्रेटचे दीड युरो. वीस बाटल्यांचा क्रेट परत केला की 3 युरो 10 सेंट हातात येतात. एकदा वापरून टाकायचे पत्र्याचे कॅन आणि प्लास्टिकच्या बाटल्या यांवर 2003 पासून कायद्याने अनामत लागू झाली आणि तिथे ती 25 सेंट आहे. काचेच्या बाटलीची अनामत मात्र ब्रुअरींनी त्याच्या कितीतरी आधीपासून आपणहून चालवली. आज जर्मनीतली तीन चतुर्थांशाहून जास्त बाटलीबंद आणि डबाबंद बिअर अशा परत येणाऱ्या बाटल्यांतूनच विकली जाते.

शनिवारी सकाळी सुपरमार्केटच्या दाराशी रिकामे क्रेट घेतलेल्यांची रांग लागते. भिंतीत बसवलेल्या यंत्राच्या गोल तोंडात एकेक बाटली बुडाकडून सरकवायची. यंत्र तिचा आकार ओळखतं, आत ओढून घेतं, आकडा वाढवतं. खालच्या कप्प्यात अख्खा क्रेट एकदम जातो. शेवटी चिठ्ठी निघते, ती गल्ल्यावर दिली की तेवढे पैसे वजा. आमच्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वे कर्मचारी या रांगेत नेमाने असत, पण त्यांच्याकडचे सगळे क्रेट यंत्रापाशी जात नसत. ज्या ब्रुअरीचं नाव काचेतच उठवलेलं आहे त्या बाटल्या ते घरी वेगळ्या लावत आणि पुढच्या खेपेला गाडीत घालून थेट त्या गावी नेऊन देत. साध्या आकाराची बाटली कुठल्याही ब्रुअरीला चालते. नाव उठवलेली बाटली भलत्याच क्रेटमध्ये शिरली की ती कुणीतरी वेगळी काढायची आणि कित्येक किलोमीटर माघारी पाठवायची. हे काम छोट्या ब्रुअरीला जड जातं, म्हणून ते आपण करायचं, असा त्यांचा हिशेब. नव्या प्रकारच्या बाटलीचं लेबल ते आधी कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवत, टीपकागदात दाबून वहीत लावत. आठवण वहीत राहायची आणि बाटली कामावर परत जायची.

ही काळजी भाबडी नाही. 2018 च्या कडक उन्हाळ्यात जर्मनीत बिअर भरपूर खपली आणि ब्रुअरींना रिकाम्या बाटल्या कमी पडू लागल्या. लोक रिकामे क्रेट तळघरात ठेवून सुट्टीवर निघून गेले होते. बोखुमच्या मोरित्झ फीगे या ब्रुअरीने तेव्हा गिऱ्हाइकांना जाहीर विनंती केली होती की, आधी रिकाम्या बाटल्या आणून द्या आणि मग सहलीला जा. बिअर तयार होती, ती भरायला बाटल्या नव्हत्या! नवी बाटली ब्रुअरीला आठ सेंटांपेक्षा बरीच महाग पडते, त्यामुळे न आलेली प्रत्येक बाटली हा तिचा तोटा असतो.

घरी बिअर गाळणाऱ्यांचा जीव तर बाटलीत आणखी गुंतलेला. जर्मनीत हौसेखातर, स्वतःपुरती बिअर करायला परवानगी आहे. वर्षाला 200 लिटरपर्यंत कर लागत नसे, 2024 पासून ही मर्यादा 500 लिटर झाली. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये त्याची चार-पाच जणांची मंडळी जमायची. बाटल्या भरण्याच्या दिवशी मला मदतीला बोलावायचे, आणि मदत म्हणजे मुख्यतः धुणं.

त्यांचा पहिला नियम: बाटली रिकामी झाली की त्याच क्षणी तीनदा विसळायची. तळाशी यीस्टचा थर उरतो. तो ओला असताना पाण्याच्या एका झटक्यात निघतो, वाळला की दगडासारखा चिकटतो. मग बाटली उलटी करून निथळत ठेवायची. लेबल काढायला टपात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. तासाभरात कागद आपोआप सुटून वर तरंगतो. ब्रशने आतून घासायचं, आणि प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून तळ पाहायचा. एखादा करडा ठिपका दिसला की ती पुन्हा टपात. तोंडाची कड नखाने चाचपायची, टवका उडालेला असेल तर बाटली बाद. त्यांची पसंती तारेच्या कडीच्या बाटल्यांना, कारण त्यांना पत्र्याची झाकणं दाबायचं यंत्र लागत नाही. बुचाची लाल रबरी चकती मात्र वेळोवेळी बदलावी लागते, ती कडक झाली की वायू निसटतो.

बाटल्या तपकिरीच का, हे मला तिथेच नीट समजलं. हॉप्समधले कडू घटक उजेडाने फुटतात आणि त्यातून गंधकाचा एक उग्र वासाचा पदार्थ तयार होतो. पारदर्शक किंवा हिरव्या काचेतली बिअर उन्हात ठेवली की वास बिघडतो तो यामुळे. तपकिरी काच तो उजेड अडवते.

भरताना प्रत्येक बाटलीत थोडी साखर जाते, अर्ध्या लिटरला साधारण चार ग्रॅम. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत वायू तयार होतो. साखर जास्त झाली किंवा आधीचं आंबणं पुरं झालेलं नसलं तर बाटली फुटते, आणि काच दूरवर उडते. म्हणून ही मंडळी एका बाटलीला बुचाऐवजी दाबमापक बसवत आणि रोज काटा बघत. खूप झिजलेल्या, ओरखडे पडलेल्या बाटल्या ते या कामाला कधीच घेत नसत. त्या क्रेटमध्ये घालून परत करत, कारण ब्रुअरीत प्रत्येक बाटलीची तपासणी होते आणि निकामी काच तिथून वितळवायला जाते.

शहरातल्या बागेत किंवा नदीकाठी बिअर पिणाऱ्यांची रीत वेगळी. अनामतीच्या बाटल्या गोळा करून गुजराण करणारी किंवा पेन्शनला जोड देणारी माणसं जर्मनीच्या प्रत्येक मोठ्या शहरात दिसतात, त्यांत म्हातारी माणसं बरीच. त्यांना कचऱ्याच्या डब्यात हात घालावा लागू नये म्हणून बाटली डब्याशेजारी उभी ठेवायची, यासाठी तिथे 2011 पासून मोहीम चालली आहे. कोलोनमध्ये तर डब्याभोवती बाटल्या ठेवायचं कडं तयार झालं. न्युर्नबर्गला पेग्निट्झ नदीच्या काठी तरुण मंडळी उठताना आपल्या बाटल्या ओळीने लावून जात, आणि अंधार पडायच्या आत त्या उचलल्या गेलेल्या असत.

रिकाम्या बाटल्यांची घरंही लोकांनी बांधली आहेत. अमेरिकेत नेवाडामधल्या ऱ्हायोलाइट गावी 1906 मध्ये हजारो बाटल्या चिखलात रचून घर उभं राहिलं. थायलंडमधल्या सिसाकेत प्रांतात दहा लाखांहून अधिक बाटल्यांचं बौद्ध मंदिर आहे. आल्फ्रेड हायनकेन यांनी 1960 मध्ये क्युरासाव बेटावर रिकाम्या बाटल्यांचा पडलेला खच पाहिला आणि वास्तुरचनाकार जॉन हाब्राकेन यांच्याकडून विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी बाटली करून घेतली. ती कल्पना पुढे बाजारात चालली नाही. या गोष्टी मला मोहवतात; तरीही भिंतीत गेलेली बाटली पुन्हा कधी भरली जात नाही. वितळवायची म्हटली तर भट्टी 1500 अंशांच्या आसपास तापवावी लागते. धुवायला गरम पाणी आणि सोडा पुरतो. म्हणून माझं मत धुण्याच्या बाजूने पक्कं आहे.

आणि हे आपल्याला अजिबात परकं नाही. महाराष्ट्रातही 650 मिलीच्या बाटल्या भंगारवाल्यांच्या हातून गोळा होऊन ब्रुअरीकडे परत जातात. आपल्याकडच्या बाटलीवरही तेच पांढरे पट्टे असतात. अनामतीशिवाय हे चक्र फिरतं ते कचरा वेचणाऱ्या बाया आणि हातगाडीवाले यांच्या कष्टांवर. नीलगिरी जिल्ह्यात 2022 पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने सरकारी दारूदुकानांत बाटलीमागे 10 रुपये जास्त घेऊन बाटली आणून दिल्यावर ते परत देण्याची योजना सुरू झाली, कारण जंगलात फुटलेल्या काचांनी हत्तींचे पाय कापत होते. गोवा सरकारनेही 2024 मध्ये अनामत-परतावा योजनेची अधिसूचना काढली. महाराष्ट्राने हे करायला हवं, आणि गडकिल्ल्यांच्या पायथ्यापासून सुरुवात करायला हवी. आपल्या गडांवर आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर फुटक्या बाटल्या पाहिल्या की जीव तुटतो.

योजना येईल तेव्हा येईल. तोवर बिअर पिणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगणं आहे: बाटली फोडू नका. तिच्यात सिगारेटची थोटकं टाकू नका, रॉकेल किंवा फिनेल भरून ठेवू नका. तसा वास बसलेली बाटली पुन्हा भरता येत नाही. रिकामी झाली की विसळा, सहलीला नेली असेल तर पिशवीत घालून घरी आणा आणि ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी, उभी, अख्खी कचरावेचकांच्या हातात द्या.