न मागता मिळालेली शांतता

सकाळी साडेसहाची फ्लाइट, डोळ्यांत अर्धी झोप आणि हातात महागडी कॉफी. मुंबईच्या टी-टू टर्मिनलशी आपल्यापैकी बहुतेकांचं नातं एवढंच! पण पुढच्या ऑफिस टूरला तासभर आधी पोहोचा आणि जरा कान देऊन बघा. काय ऐकू येतं? फारसं काही नाही. गंमत तीच तर आहे!

टी-टू हे ‘सायलेंट एअरपोर्ट’ आहे. स्टेशनावरच्यासारखी सततची अनाउन्समेंट इथे नाही. फ्लाइट कुठल्या गेटला, ते स्क्रीनवर वाचायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मला विचारा. मी ऑटिस्टिक आहे. मराठीत याला ‘स्वमग्न’ म्हणतात, पण माझ्या बाबतीत उलटंच असतं. बाहेरचं सगळं एकदम आत शिरतं. ट्रॉलीची खडखड, शेजारच्याचा फोन, एसीची घरघर, सगळं एकाच व्हॉल्यूमला. त्यात डोक्यावर स्पीकर ओरडायला लागला, की माझा कॉम्प्युटर हँग! टी-टूला ते होत नाही.

२०१४ साली सुरू झालेलं हे टर्मिनल बघायलाही सही आहे. चेक-इन हॉलचे खांब वर जाता जाता छत्रीसारखे उलगडतात आणि छतात मिसळून जातात. कल्पना मोरपिसांवरून घेतलेली. छतातल्या रंगीत काचांमधून उजेडाचे ठिपके खाली सांडतात. शिवाय राजीव सेठी यांनी साकारलेलं ‘जय हे’ हे कलादालन आहेच. गर्दी अंगावर यायला लागली, की मी तिथल्या एखाद्या कोरीवकामापाशी जाऊन उभी राहते. पाच मिनिटांत गाडी रुळावर.

यातलं काहीही मी कोणाकडे मागितलेलं नाही. आणि ते फक्त माझ्यासाठी केलेलंही नाही. म्हणून तर ते घेताना ओशाळं वाटत नाही.

आता न मागितलेल्या मदतीचा दुसरा नमुना. देशातल्याच एका विमानतळावर (नाव नको!) मी काउंटरवर इतकंच सांगितलं, “मी ऑटिस्टिक आहे. सिक्युरिटीत हात लावायच्या आधी प्लीज सांगा.” दोन मिनिटांत व्हीलचेअर हजर! माझे पाय ठणठणीत आहेत म्हटलं, तर “बसा ना मॅडम, तुमच्यासाठीच आणलीय.” माझा बोर्डिंग पास गेला सोबतच्या मैत्रिणीच्या हातात आणि प्रश्नही तिलाच, “यांना खिडकी चालेल का?” माणसं वाईट नव्हती हो, मनापासून करत होती. पण सिक्युरिटीत हात लावायच्या आधी मात्र कोणीच काही बोललं नाही. मागितलं ते राहिलं, न मागितलं ते गळ्यात पडलं.

मग सांगायचं तरी कशाला, असं वाटतं. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर एका दिव्यांग मुलाला, तो घाबरलाय म्हणून, विमानात चढूच दिलं नव्हतं. डीजीसीएने त्या कंपनीला पाच लाखांचा दंड ठोठावला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. म्हणजे कागदावर आम्ही आहोत. काउंटरवर मात्र एकतर अडवणूक, नाहीतर व्हीलचेअर!

मधला रस्ता लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये काढला. हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं. न दिसणारं अपंगत्व असलेल्या प्रवाशाने हवी तर ती गळ्यात घालायची, नको तर नाही. पट्टी दिसली की कर्मचाऱ्याने स्वतःच्या मनाने काही ठरवायचं नाही. थोडा जास्त वेळ द्यायचा आणि काय मदत हवी ते विचारायचं. फंडा इतका सोपा, की जगभरच्या विमानतळांनी तो उचलला. आपल्याकडे बंगळुरूलाही हे सूर्यफूल आलंय.

तुमच्या ऑफिसातही माझ्यासारखं कोणीतरी असेल. त्याचं टेबल परस्पर कोपऱ्यात हलवू नका, पार्टीच्या मेलमधून त्याचं नाव ‘त्रास नको’ म्हणून गाळू नका. “तुला काय हवंय?” एवढं विचारा आणि उत्तर त्याच्याकडूनच ऐका. कदाचित तो म्हणेल, “काही नको, फक्त तो म्युझिकचा आवाज जरा कमी कर.” बघा, तुमचंही डोकं शांत होईल!