बापूजींचे मेज आणि घासण्याचे यंत्र

बार्शीची आमची भुसार मालाची पेढी दोन वर्षांपूर्वी बंद झाली. बंद करताना दुःख होते, वाद नव्हता. पुढची पिढी शिकून पुण्याकडे, बंगळुरूकडे गेली होती आणि धाकट्या भावाचे गुडघे आता गादीवर बसू देत नव्हते. तराजू, वजने, तिजोरी यांची व्यवस्था लागली. शेवटी उरले ते बापूजींचे मेज. भावाने फोन केला, ‘‘भाईजी, हे मेज तुम्हीच न्या. माझ्याकडे ठेवायला जागा नाही, आणि भंगारात द्यायला हात धजत नाही.’’ ज्येष्ठाच्या आरंभी ते टेम्पोतून पुण्यात आमच्या घरी उतरले.

आपल्यापैकी अनेकांच्या पेढीवर असे मेज असेल किंवा कधीकाळी असेल. गादीवर मांडी घालून लिहिता यावे एवढीच उंची, पुढे उतरते झाकण, आत वह्या व दौती ठेवण्याचे कप्पे. आमचे मेज चार फूट लांब, भरीव सागवानाचे. दोन माणसांनी शेजारी शेजारी बसून वह्या लिहाव्यात या हिशेबाने आजोबांनी करवून घेतलेले. मी एम.कॉम. होऊन बँकेत रुजू झालो त्याच वर्षी दिवाळीला दुकानाला रंग दिला गेला, आणि उरलेला हिरवा ऑइल पेंट रंगाऱ्याने मेजालाही फासला. पुढील चाळीस वर्षांत त्या रंगाचे पोपडे निघाले, कडा काळवंडल्या. हा रंग काढून मूळ सागवान पुन्हा उजेडात आणावे, असे मी ठरवले.

पहिली चूक उत्साहाच्या भरात झाली. शेजारच्या इमारतीत फर्निचरचे काम चालू होते. तेथील मिस्त्री म्हणाला, ‘‘साहेब, अर्ध्या तासात नवं करून देतो.’’ मी त्याच्याकडून फक्त ग्राइंडर मागून आणला आणि खरखरीत चकती लावून मागच्या पायावर प्रयोग केला. ग्राइंडर हे मूलतः लोखंड कापण्या-घासण्याचे यंत्र. त्याची चकती मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेते व तिची एक कड लाकडात रुतते. पाच सेकंदांत पायावर तीन चंद्रकोरी खड्डे पडले. ते आजही तेथे आहेत. बँकेत उमेदवारीच्या काळी आम्हाला शिकवले होते की चुकीची नोंद खरवडायची नाही. तिच्यावर एक रेघ ओढून, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची, म्हणजे खालची नोंद वाचता येते. बापूजीही वहीत खाडाखोड खपवून घेत नसत. लाकूड घासणे म्हणजे मात्र खरवडणेच. गेलेले लाकूड परत जमा करता येत नाही. तेव्हा यंत्र किती वेगाने लाकूड काढते हे पाहण्याऐवजी, मला थांबायचे असेल तेथे ते थांबते की नाही हे पाहायचे, असे मी मनाशी पक्के केले.

एवढ्यात आषाढ आला. चातुर्मासात हे काम हाती घ्यायचे नाही, असे सौभाग्यवतींनी बजावले. पावसाळ्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती अधिक. लाकडाच्या सांदीत काय असेल, सांगता येत नाही. पुढे जाणकारांशी बोलताना कळले की कारागिरीच्या दृष्टीनेही हा निर्णय योग्यच होता. दमट हवेत लाकूड ओलावा धरते, तंतू उभे राहतात, पॉलिश पेपर लवकर चोंदतो आणि काही पॉलिशवर पांढुरकी झाक येते. चार महिने थांबल्याने चौकशीला सवड मिळाली.

त्या चौकशीत बोहरी आळीतील हार्डवेअरच्या दुकानांत मी पाच-सहा चकरा मारल्या. घासण्याच्या यंत्राला तेथे सर्वजण सँडरच म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार मला असे समजले.

पहिला बेल्ट सँडर. यात दोन रुळांवरून घासपट्टा एकाच दिशेने धावतो. दरवाजे, जाड फळ्या, ओबडधोबड पृष्ठभाग यांसाठी तो उत्तम. रंध्याचे बरेचसे काम तो करतो. परंतु तो वजनदार असतो, सतत पुढे ओढतो आणि क्षणभर एका जागी थांबला तर तेथे खोलगट भाग पडतो. प्लायवुडवरील लाकडी पापुद्रा तर बहुधा एक मिलिमीटरही जाड नसतो. बेल्ट सँडर तो पाहता पाहता पार करतो.

दुसरा चौकोनी ऑर्बिटल सँडर. याचा तळ बारीक वर्तुळात थरथरतो. साधा पॉलिश पेपर फाडून चिमट्यात अडकवता येतो, म्हणून कागदाचा खर्च कमी. तो कोपऱ्यापर्यंत पोहोचतो, पण काम सावकाश होते.

तिसरा रँडम ऑर्बिटल. याची गोल चकती, बहुधा १२५ मिलिमीटर व्यासाची, स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी बारीक वर्तुळात हलते. त्यामुळे कागदाचा एकच कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही व ओरखडे कमी उमटतात. मेजाच्या चौकटीत जेथे उभे व आडवे लाकूड काटकोनात मिळते, तेथे याचा फार उपयोग होतो. इतर यंत्रांनी एका तुकड्याच्या रेषांबरोबर घासले की दुसऱ्यावर आडवे चरे पडतात. याची उणीव एकच, गोल असल्याने तो कोपऱ्यात शिरत नाही. त्यासाठी त्रिकोणी तळाचा छोटा डिटेल सँडर मिळतो. पण एका मेजापुरते काम असेल तर कोपरे हाताने घासणेच किफायतशीर.

मी रँडम ऑर्बिटल निवडला. निवडताना ज्या गोष्टी पाहिल्या त्या वाचकांच्या उपयोगी पडतील. वेग कमी-अधिक करण्याचे चाक हवेच. जुन्या लाकडावर आरंभ कमी वेगानेच करावा. तळाची हालचाल किती मिलिमीटरची आहे ते विचारावे. साधारण अडीच मिलिमीटरची हालचाल बारीक कामाला चांगली, पाच मिलिमीटरची अधिक लाकूड काढते. भुशाची पिशवी अथवा व्हॅक्यूमची नळी जोडण्याची सोय असावी. चकत्या वेल्क्रोने चिकटतात; तळाच्या छिद्रांशी जुळणाऱ्या चकत्या आपल्या गावात मिळतात ना, याची खात्री करावी. यंत्राची किंमत एकदाच द्यायची असते, चकत्यांचा खर्च कायमचा असतो. कर्ज मंजूर करताना आम्ही यंत्राच्या किमतीबरोबर खेळते भांडवलही पाहत असू, तोच न्याय येथे लागू पडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुकानातच यंत्र चालू करून दोन मिनिटे हातात धरावे. साठीनंतरच्या मनगटाला थरथर सोसते की नाही, हे माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि कामाला हात घातला. चातुर्मासभर मेजाखाली काळा कागद अंथरून ठेवला होता. पायांना जुनी बारीक छिद्रे होती. आत लाकूड पोखरणारा किडा जिवंत असता तर कागदावर ताजी पिवळसर भुकटी दिसली असती. चार महिन्यांत ती दिसली नाही. तरीही प्रत्येक कप्पा, प्रत्येक सांधा मऊ कुंच्याने हळुवार पूंजून घेतला. कोळ्याचे एक जाळे निघाले. कोळ्याला कागदावर घेऊन बागेत सोडले. जयणा ही केवळ स्वयंपाकघराची गोष्ट नाही. यंत्र हाती असताना ती अधिकच पाळावी लागते, कारण यंत्राला दिसत नाही.

रंगाबाबत एक सावधगिरी मुद्दाम सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा आपल्याकडील नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाबद्दल शंका घेऊनच चालावे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, आणि आमच्या घरी चार वर्षांचा नातू आहे. म्हणून रंगावर सँडर चालवलाच नाही. पेंट रिमूव्हर लावून, रंग मऊ झाल्यावर पत्र्याच्या पातीने खरवडला, पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसला, आणि निघालेला सर्व चिखल पिशवीत बंद केला. नुसत्या लाकडाचा भुसाही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. दिवसभर भुशात काम करणाऱ्या कारागिरांना हा धोका मोठा. पण आपणही मोकळ्या हवेत, एन-९५ मुखपट्टी लावूनच काम करावे.

हिरवा रंग काढताना एक गोष्ट ध्यानात आली. झाकणाच्या उजव्या बाजूला काढण्यासारखा रंग फारसा उरलाच नव्हता. बापूजींचे मनगट रोज जेथे टेकत असे, तेथे रंग कधीच झिजून गेला होता आणि लाकडात तळहाताएवढा उथळ खळगा पडला होता. डावीकडे मात्र रंगाचा थर जवळजवळ अखंड होता. तेथे कोणी बसलेच नव्हते. भावाची बैठक कायम गोदामाकडे असे. ती डावी जागा माझी होती. मी बँकेत गेलो त्या वर्षी लागलेला रंग चाळीस वर्षे तेथे तसाच राहिला होता. बँकेत जाण्याच्या माझ्या निर्णयाबद्दल बापूजी मला कधी एक अक्षर बोलले नाहीत. मीही कधी विचारले नाही.

त्या दिवशी काम तेथेच थांबवले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री सहज डोकावला आणि म्हणाला, ‘‘साहेब, बेल्ट मारून सगळं एका पातळीत आणू या, खड्डा दिसणार नाही.’’ त्याचे म्हणणे कारागिरीच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. परंतु तो खळगा भरून निघणार नव्हता. बाकीचे सारे मेज त्याच्याइतके खाली आणावे लागले असते. मी त्याचे आभार मानले आणि नकार दिला.

खळग्याच्या भोवताली पेन्सिलीने रेघ आखली. बाकीच्या भागावर पेन्सिलीच्या नागमोडी रेषा काढल्या. त्या सारख्या पुसल्या गेल्या की घासणे सर्वत्र सारखे झाले, असे समजावे. आरंभ ८० नंबरच्या चकतीने, मग १२०, शेवटी १८०. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे राहून जातात व पॉलिशनंतरच डोळ्यांत भरतात. यंत्र लाकडावर टेकवून मग चालू करावे, वरून दाब देऊ नये, हात सेकंदाला एखादा इंच एवढ्याच चालीने सरकवावा, आणि नंबर बदलताना भुसा पुसून घ्यावा. खळग्यावर यंत्र नेले नाही. तेथे जुना मळ काढण्यापुरता १८० नंबरचा कागद बोटांखाली धरून फिरवला. झाकणाच्या आत वहीपूजनाच्या वेळी वर्षानुवर्षे काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा पुसट डाग होता, त्या भागाला हातही लावला नाही.

पॉलिशचा प्रश्न उरला. पारंपरिक स्पिरिट पॉलिश चपडा लाखेचे असते. लाख हा एका लहान किड्याचा स्राव असून फांद्यांवरून ती खरवडताना असंख्य किडे त्यात जातात. जुना सरसही जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो. म्हणून निखळलेल्या सांध्याला पांढरा कृत्रिम गोंद वापरला आणि पॉलिशऐवजी जवसाचे तेल घेतले. कच्चे जवस तेल सुकायला फार दिवस घेते. रंगाच्या दुकानात त्यासाठीच तयार केलेले लवकर सुकणारे तेल मिळते. पातळ हात लावून वीस मिनिटांनी जादा तेल पुसायचे, दिवसभर सुकू द्यायचे. असे तीन हात दिले. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ठेवू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी पसरून वाळवावीत. ज्या मेजावर जवसाच्या पोत्यांचे हिशेब लिहिले गेले, त्याला जवसाचेच तेल लागले, याचे मला समाधान वाटले.

माघात भाऊ आला. मेजासमोर खुर्ची घेऊन बसला, वाकून उजवे मनगट खळग्यात टेकवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘भाईजी, डावीकडे कोणी वही ठेवली तर बापूजी ती उचलायला लावायचे. म्हणायचे, ती मोठ्याची जागा आहे, सुट्टीवर आला की बसेल.’’

मी सुट्टीवर जात असे, तेव्हा पाहुण्यासारखा लोडाला टेकून बसत असे.

आता रोज सकाळी सामायिक झाल्यावर मी त्या मेजाशी बसतो आणि घरखर्चाची वही लिहितो. डाव्या बाजूला बसतो.