चुलीवरचं कणीस

तळोदा मागं पडलं आणि एस.टी. चांदसैलीच्या घाटाला लागली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी धडगावला निघालो होतो तो शब्द गोळा करायला. मराठीचा अध्यापक, दुसरं काय गोळा करणार? सातपुड्यातल्या पावरी बोलीत पिकांना नावं किती, एवढंच टिपून घ्यायचं होतं.

एका पाड्यावरच्या घरात चुलीच्या बरोबर वर मक्याची कणसं टांगलेली दिसली. पांढरी, पिवळी, तांबूस. म्हातारीनं प्रत्येकाचं निराळं नाव सांगितलं, नातवानं ते समजावून दिलं.

"पण आजी, ही धुरात कशाला?" मी विचारलं.

नातू हसला. "धुरानं किडा लागत नाही, सर. ही खायची नाहीत, पेरायची आहेत."

मी ओशाळलो. आमच्याही घरी ज्वारीचं स्वतःचं बियाणं होतं. आई ते राखेत घोळून ठेवी. पुढं संकरित बियाण्याची पिशवी दरसाल विकत येऊ लागली, आणि एका वर्षी घरचं बी पेरायचंच राहून गेलं. आज मला त्या ज्वारीचं नावही आठवत नाही.

धडगावात हे टळलं, त्यात अशा चुलींचा वाटा मोठा. पण सरकारी पैशाचाही आहे. 2014 ते 2019 या काळात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या निधीतून राज्याच्या जनुक कोशाचं काम झालं. 'बायफ' संस्थेनं इथल्या मका-ज्वारीच्या वाणांवर काम केलं. हरणखुरीला गावकऱ्यांची बियाणे बँक उभी राहिली. काम वाटतं तितकं सोपं नव्हे. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो. शेजारी दुसरा वाण फुलला, की भेसळ झालीच. म्हणून शेतं लांब धरायची किंवा पेरणी मागंपुढं करायची, आणि तीही पुन्हा पुन्हा. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बी उणे 18 अंशांत वर्षानुवर्षं टिकतं खरं. पण तिथं ते निजलेलं असतं. बदलत्या पावसाशी त्याची ओळख शेतातच व्हायची.

जे बी शेतकरी घरीच राखतो, त्यात व्यापारी पैसा का घालील? तो सरकारनंच घालायला हवा. एप्रिल 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं जनुक कोशाला पाच वर्षांसाठी 172.39 कोटी रुपये मंजूर केले. त्यातल्या सात विषयांपैकी स्थानिक पीकवाण हा एक. चांगलंच झालं. पण मधले पावसाळे? बियाणं काही प्रकल्पाची मुदत पाहून उगवत नाही. त्या पावसाळ्यांत ते जगलं ते अशा आज्यांच्या भरवशावर.

निघताना आजीनं एक तांबूस कणीस माझ्या हातावर ठेवलं आणि काहीतरी म्हणाली.

"नाव लिहून घेतलंत, आता पेरा, म्हणते," नातू म्हणाला. "आणि परत देताना दोन द्या."

आसपास दुसरा मका नाही, हे पाहून माझ्या भावानं यंदा ते बांधाकडेला पेरलं. दिवाळी झाली, की दोन कणसं घेऊन मला पुन्हा तो घाट चढायचा आहे.