आईचं आयोडीन

आईच्या हातात दिलेल्या आहाराच्या कागदावर पहिलीच सूचना होती, समुद्रातलं काहीही खायचं नाही. दिवाळी नुकतीच झालेली. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सुरमई, बांगडा, कोलंबीची रेलचेल, आणि आमच्याकडे दोन आठवडे भोपळा, वाल, आमसुलाचं सार. सुका जवळासुद्धा बंद. दूध-दही, बेकरीचे पदार्थ, अंड्याचा बलक, सगळ्यावर फुली. "म्हणजे भातावर पाणी घालून जेवायचं," म्हणत आईनं तो कागद माझ्या बायकोकडे सरकवला.

मासळीपेक्षा मिठानं जास्त छळलं. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे. वाण्याकडे विचारलं तर तो म्हणाला, "गुरांसाठीचं आहे, देऊ?" शेवटी सैंधव मिळालं, पण त्यातही काही पिशव्यांवर आयोडीनयुक्त असं छापलेलं, त्यामुळे प्रत्येक पिशवी चष्मा लावून वाचायची.

हे २०११ सालचं. आईच्या थायरॉइडमध्ये कॅन्सर निघाला होता. ऑपरेशन होऊन ग्रंथी काढलेली, पण मागे राहिलेल्या बारीकसारीक पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं होतं. शरीरात आयोडीन ओढून साठवण्याचं काम मुख्यतः थायरॉइडच्या पेशी करतात. त्यांना आधी उपाशी ठेवायचं आणि मग त्यांच्यापुढे हेच आयोडीन ठेवायचं. त्यासाठी थायरॉइडची रोजची गोळीही महिनाभर मुद्दाम बंद. आईचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, भर दुपारी ती स्वेटर घालून पडवीत बसू लागली. माणूस बरं करायला आधी इतकं आजारी पाडावं लागतं, हे बघणं सोपं नव्हतं.

रत्नागिरीत तेव्हा ही सोय नव्हती. कोकणकन्येनं भल्या पहाटे दादरला उतरून आम्ही परळला गेलो. टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे, १९६३ पासूनचं. बाकांवर कोल्हापूरपासून बिहारपर्यंतची माणसं. गळ्यावर आडवा वण असला की समजायचं, हा आपल्यातला.

गोळी द्यायची खोली मी दारातून पाहिली. शिशाचं जाड भांडं, त्यात एवढीशी कॅप्सूल. देणारा माणूस भांड्याचं झाकण काढून लगेच मागे सरला. आईनं गोळी पाण्याबरोबर गिळली आणि विचारलं, "झालं?" पुढे तिला एकटीला खोलीत ठेवलं. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, जेवण दाराशी. पाणी भरपूर प्यायचं, लाळग्रंथींत आयोडीन साचू नये म्हणून आंबट गोळ्या चघळायच्या, संडासात दोनदा पाणी सोडायचं. ते पाणीही थेट गटारात जात नाही, वेगळ्या टाकीत साठवून ठेवतात. फोनवर आई म्हणाली, "मी काय बॉम्ब आहे का रे?" रोज एक जण मीटर घेऊन येई आणि तिच्यापासून मीटरभर अंतरावर उभा राहून आकडा लिहून घेई. तो आकडा पुरेसा उतरला तेव्हाच तिला सोडलं.

नंतरच्या स्कॅनचं चित्र मला दाखवलं. पडद्यावर आई नव्हतीच. गळ्यापाशी दोन ठळक ठिपके, तोंडाजवळ लाळग्रंथींची धूसर छाया, खाली पोट आणि मूत्राशय. हाडं नाहीत, चेहरा नाही. जिथे जिथे आयोडीन पोचलं तेवढंच दिसतं. त्याचे बीटा किरण मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्येच पेशी मारतात आणि गॅमा किरण बाहेर येऊन ठिकाण सांगतात.

चित्र समजावणारा तरुण डॉक्टर तिथेच शिकत होता. त्याच्याकडून बरंच कळलं. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ या डॉक्टरानं १९४१ मध्ये थायरॉइडच्या रोग्याला पहिल्यांदा असं आयोडीन दिलं. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियम ठेवून ते बनवतात. या अणुवैद्यक शाखेतल्या डॉक्टर, भौतिकी आणि रसायनवाल्यांची सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन ही संघटना १९६७ पासून देशात आहे. त्यांची अधिवेशनं होतात, नियतकालिक निघतं. मला त्या क्षणी वाटलं, यातलं कुणी एकदा आमच्याकडे येऊन तासभर बोललं असतं तर! कारण रत्नागिरीत तेव्हा 'अणू' म्हटलं की एकच गोष्ट आठवायची.

आईचं माहेर जैतापूरच्या खाडीकाठचं. त्याच वर्षी मार्चमध्ये फुकुशिमा झालं, एप्रिलमध्ये शेजारच्या नाटे गावात आंदोलकांवर गोळीबार होऊन एक जण गेला. तिथल्या माडबनच्या अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात मामा पुढे. आई घरी आल्यावर तो भेटायला आला. लहान पोरांना काही दिवस जवळ घ्यायचं नाही, असं सांगितलेलं असल्यामुळे ती पडवीच्या टोकाला वेगळ्या खुर्चीत. मामानं बाहेरूनच सुरुवात केली, "ताई, आम्ही तिकडे लाठ्या खातोय आणि तू तेच गिळून आलीस?"

मी त्याला सांगितलं, ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी वीज करत नाही, ती संशोधनाची आणि असल्या औषधांची. आईच्या औषधाला होकार दिला म्हणून माडबनला होकार द्यावा लागत नाही. हे मला मनापासून वाटत होतं, अजूनही वाटतं. औषधाचं नाव पुढे करून प्रकल्प खपवणारे आणि प्रकल्पाच्या रागानं औषधाला घाबरणारे, दोघेही मला सारखेच उतावळे वाटतात.

मामानं ऐकून घेतलं. मग नेमका हॉस्पिटलच्या त्या टाकीवर आला. "ते साठवलेलं पाणी शेवटी जातं कुठे?"

म्हटलं, हे आयोडीन दर आठ दिवसांनी अर्धं होतं. ऐंशी दिवस थांबलं की हजारातला एखादाच भाग उरतो. मग मोजून सोडतात.

"आणि वीजकेंद्रातल्या कचऱ्याचं?"

"त्यात प्लुटोनियम असतं. ते अर्धं व्हायलाच चोवीस हजार वर्षं."

"मग हे मोर्चात सांगायला तू ये," मामा म्हणाला.

"आधी मला बांगडा कधी मिळणार ते सांगा," पडवीच्या टोकावरून आई ओरडली.