आपल्यांत कागद कशाला?

“आपल्यांत कागद कशाला?” हें वाक्य आमच्या घरांत दोनदां उच्चारलें गेलें. पहिल्यांदा माझ्या वडिलांनीं, दुसऱ्यांदा मीं. पहिल्याची किंमत आम्हांस रुपयांत मोजावी लागली; दुसऱ्याची कशांत मोजावी हें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं.

वडिलांनीं १९७१ सालीं पुण्यांतील आमच्या वाड्याच्या मागल्या दोन खोल्या शाळेंतील एका सहकाऱ्यास महिना पस्तीस रुपयांवर राहावयास दिल्या. त्यांचें स्वतःचें घर होईपर्यंत, म्हणजे फार तर दोन वर्षें, अशी बोली होती. ‘भाडें’ हा शब्दसुद्धां वडील उच्चारीत नसत. पुढें १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजीं जे परवान्यानें दुसऱ्याच्या जागेंत राहत होते, ते कायद्याच्या दृष्टीनें भाडेकरू ठरले. कायदा करणाऱ्यांचें अगदींच चुकलें असें मी म्हणणार नाहीं. भाडेकरूस ‘परवानाधारक’ असें नुसतें नांव देऊन त्याचें संरक्षण काढून घेण्याची युक्ति तेव्हां शहरांतून सर्रास चालत होती. मात्र त्या जाळ्यांत आमच्यासारखेही सांपडले. ते गृहस्थ वाईट नव्हते. हातीं आलेला हक्क त्यांनीं सोडला नाहीं, इतकेंच. वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहीपर्यंत त्या खोल्या त्यांच्याचकडे राहिल्या, आणि एकाच अंगणांत राहून माझी आई व त्यांची पत्नी वीस वर्षें एकमेकींच्या हळदीकुंकवास गेल्या नाहींत.

हें सारें डोळ्यांदेखत घडूनही २०१९ सालीं मीं आमची नव्या इमारतींतील एक सदनिका तशाच तोंडी बोलीवर दिली. घेणारा माझ्या पत्नीच्या बालमैत्रिणीचा मुलगा. लग्नानंतर त्यास आईवडिलांच्या घरीं जागा अपुरी पडूं लागली होती. सारा व्यवहार पत्नीनेंच पाहिला. मी नुसती मान डोलावली. २०२१ सालीं ती गेली. दोन वर्षांनीं मुलानें स्वतःचें घर घेतलें आणि किल्ल्या परत करतांना म्हणाला, “काका, अनामत पंचाहत्तर हजार होती.”

माझ्या बँकेच्या पुस्तकांत पन्नास हजार दिसत होते. मी ताडकन् बोलून गेलों, “तुझी काकू आज नाहीं, म्हणून आंकडा वाढला कीं काय?”

तो कांहीं बोलला नाहीं. किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेला.

त्याच संध्याकाळीं मीं वकिली करणाऱ्या भाच्यास बोलावून घेतलें. माझी हकीकत ऐकून तो हंसला. “मामा, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचें कलम ५५ वाचा. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. तसें न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तें खरें धरलें जाईल. तें खोटें आहे हें तुम्हीं सिद्ध करावयाचें.” मीं विचारलें, “अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं ना?” तो म्हणाला, अर्धें पुणें याच समजुतीवर झोंपतें. ती सवलत मूळ नोंदणी कायद्यांतील, वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यांसाठीं. आपल्या राज्यांत घर एक महिना दिलें तरी करार नोंदवावाच लागतो.

कायदा लबाडाच्या पाठीशीं उभा राहतो, असें त्या रात्रीं मीं मुलाजवळ अनेकदां बोलून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं सूनबाईनें कपाटांतून सासूच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. २०१९ च्या वहींत, दिवाळीच्या आधींच्या पानावर, तिच्या बारीक अक्षरांत नोंद होती : ओट्याखालीं नवीं कपाटें बसविलीं म्हणून वाढीव अनामत, रोख २५,०००.

पैसे मीं त्याच दिवशीं पाठविले. त्याची पोंच आली. दुसरें कांहीं आलें नाहीं. त्याची आई दर संक्रांतीस तिळगूळ घेऊन येत असे. २०२४ च्या संक्रांतीस ती आली नाहीं.

आतां त्या सदनिकेंत एक तरुण जोडपें राहतें. या खेपेस सारें रीतसर झालें. नोंदणीसाठीं हल्लीं कचेरींत खेटे घालावे लागत नाहींत. एक मुलगा यंत्र घेऊन घरीं आला, आमचे व साक्षीदारांचे अंगठे व छायाचित्रें घेऊन गेला. मुद्रांक शुल्क फक्त शेंकडा पाव रुपया : मुदतीचें एकूण भाडें, आणि अनामत रकमेवर वार्षिक दहा टक्के धरलेलें व्याज, यांच्या बेरजेवर. शहरांत नोंदणीचे हजार रुपये वेगळे. पोलिस ठाण्यास व सोसायटीस माहिती दिली. असा लेखी करार त्यांतील गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट रक्कम भरावी लागते, असें भाच्यानें मला बजावलें. मला मात्र त्या कागदांतील अनामतीचें कलम तेवढें तीन वेळां वाचावेंसें वाटलें. नव्या सूनेच्या वयाची ती मुलगी सारीं कलमें मोठ्यानें वाचीत होती. रंगकामाचा खर्च कोणाचा, हें तिनें मला स्पष्ट लिहावयास लावलें. मला तिचा राग आला नाहीं.

२०२५ च्या संक्रांतीस मीच तिळगूळ घेऊन पत्नीच्या मैत्रिणीकडे गेलों. दार तिनेंच उघडलें. पाणी दिलें, चहा केला, घरच्यांची चौकशी केली. मुलाचा विषय तिनें काढला नाहीं व मला काढण्याचें धैर्य झालें नाहीं. निघतांना ती म्हणाली, “ती वही एकदां आणाल का? तिचें अक्षर पाहून फार दिवस झाले.”